मुठीची तपासणी

प्रिय ईशान आणि तन्वी,

गेल्या महिन्यात मसाटच्या आपल्या जुन्या औषधांच्या कारखान्याच्या नव्या मालकांचा फोन आला. त्यांना एक स्मरणिका काढायची आहे आणि तिच्यात कारखान्याचा जुना इतिहास हवा आहे. तो सांगू शकेल असं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही. मी चार पानं लिहून पाठवली. तुमचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे आप्पा, मुंबईत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, तिथून त्यांनी घरच्या घरी मलमं बनवायला कशी सुरुवात केली, करसवलत मिळते म्हणून ऐंशीच्या दशकात सिल्वासाजवळ मसाटला जागा कशी घेतली, तुमच्या आजोबांनी विक्री आणि मी प्रयोगशाळा कशी सांभाळली, हे सगळं त्यात आहे. पहिल्या फिटरपासून शेवटच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांची नावं आहेत.

एक नाव नाही. ते मी विसरले नाही, गाळलं. पानं पाठवून झाल्यावर ते माझ्या लक्षात आलं, आणि हेही लक्षात आलं की इतक्या वर्षांनंतरही माझा हात ते नाव लिहायला तयार नव्हता. म्हणून आता ते तुम्हाला लिहिते. क्रमाने सांगते. अडेल तिथे तुमची आई वाचून दाखवेल.

त्यांचं नाव मालनबाई. त्यांची एक सवय आधी सांगते. ड्रायरमधून गोळ्यांच्या मालाचा ट्रे बाहेर आला, की त्या त्यातले मूठभर दाणे उचलत आणि मूठ आवळत. मग ती मूठ कानापाशी नेऊन बोटं सावकाश चोळत, डोळे मिटून, चेहऱ्यावर अशी एकाग्रता की शेजारी मशीन धडधडतंय हे त्यांच्या गावीही नसे. मग मूठ उघडत. तळहातावर दाणे सुटे पसरले तर मान डोलवत. नाहीतर म्हणत, "अजून वला शे." त्या खानदेशातल्या, शिरपूरकडच्या. वला म्हणजे ओला, शे म्हणजे आहे. त्यांनी असं म्हटलं की ट्रे निमूट परत आत जायचा. बाजूला मी उभी असायचे, एम.एस्सी. केमिस्ट्री, पहिला वर्ग. माझ्याकडे कुणी बघायचंही नाही.

गोळी कशी बनते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. औषधाची भुकटी स्टार्चच्या खळीत मळतात, चाळणीतून तिचे दाणे पाडतात, ते ट्रेमध्ये पसरून ड्रायरमध्ये सुकवतात आणि मग मशीनमध्ये दाबतात. दाणा ओला राहिला तर गोळी मशीनला चिकटते. फार सुकला किंवा नीट बांधला गेला नाही, तर गोळीची वरची चकती टोपीसारखी सुटून येते. आम्ही पित्तावरची चघळायची गोळी बनवत होतो, पुदिन्याच्या वासाची. त्या गोळीवर कारखाना चालत होता.

मालनबाई आमच्याकडे झाडलोट करायला आल्या. त्यांचे यजमान शेजारच्या प्लास्टिकच्या कारखान्यात फिटर होते, बिऱ्हाड डोकमर्डीला. पहिल्या पावसाळ्यात माल सारखा चिकटत होता. सुपरवायझर हसमुखभाई कपाळाला हात लावून बसले होते आणि मी पुस्तकं उलटत होते. आप्पा ट्रेवर वाकून बघत असताना केरसुणी हातात धरलेल्या मालनबाई मागून म्हणाल्या, "साहेब, हाई अजून वला शे."

"तुला काय कळतं गं?" आप्पा म्हणाले.

"आम्ही कुरडया नही करतस का? हातले समजस."

आप्पांनी ट्रे पुढे केला. त्यांनी केरसुणी ठेवली, हात धुतला, पदराला पुसला आणि मूठ भरली. अजून दोन तास लागतील म्हणाल्या. दोन तासांनी दाबलेली गोळी मशीनमधून अशी सुटी आली की हसमुखभाईंनी ती तोंडातच टाकली. दुसऱ्या दिवशीपासून मालनबाईंच्या हातात केरसुणी दिसली नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. कारखाना घरचा होता, माल सुधारला होता. पण मला आठवतं ते एवढंच, की आप्पांनी हाक मारली, "मालन, इकडे ये," आणि ती हाक मी मोजली. त्या दिवशी त्यांनी ते नाव सात वेळा घेतलं. मला त्यांनी एकदाच हाक मारली, पंखा बंद करायला.

तुम्हाला सांगायला हवं की कायद्याप्रमाणे औषधाच्या कारखान्यात मान्यताप्राप्त केमिस्ट लागतो. लायसन्स भिंतीवर चौकटीत टांगलेलं असतं आणि त्यावर त्याचं नाव असतं. आमच्या भिंतीवर माझं नाव होतं. माझ्या सहीशिवाय एक डबा बाहेर जात नसे. पण सहीसाठी कागद माझ्यापुढे यायचा तो निर्णय होऊन गेल्यावर. निर्णय कोण घ्यायचं हे सगळ्या मसाटला माहीत होतं. मी काही सुचवलं की हसमुखभाई अदबीने म्हणत, "बराबर छे, मेडम. पण एक वार मालनबेनने पूछी लो ने."

घरीसुद्धा सुटका नव्हती. जेवताना आप्पा आमटीचा भुरका मारून म्हणत, "मालन म्हणत होती, उत्तरेकडची खिडकी उघडी ठेवली तर माल लवकर वाळतो." तुमच्या आजोबांचं लक्ष नसायचं. मी वाढत असायचे. मला एकच गोष्ट हवी होती, ती तुम्हाला आज सरळ सांगते. मालाबद्दल शंका आली की आप्पांनी म्हणावं, "वसुधाला विचारा." त्या दोन शब्दांसाठी मी मुंबईतली नोकरी सोडून, त्या वेळी धड भाजीबाजारही नसलेल्या गावात आले होते.

मग मी ती विद्या घरी शिकायला बसले. रवा ओलसर करून परातीत पसरायचा, थोडा वाळला की मूठ भरायची, कानाशी न्यायची. मला काहीही ऐकू यायचं नाही. एकदा तुमचे आजोबा मुंबईहून अचानक आले, मला डोळे मिटून कानाशी मूठ धरलेली पाहिली आणि म्हणाले, "काय चाललंय? लाडू वळतेस की ट्रंककॉल लावतेस?" मी तो रवा मुकाट्याने उपम्याला लावला.

हात साधेना तेव्हा मी यंत्राकडे वळले. माझ्याकडे ओलावा मोजायचं एक यंत्र होतं, त्यावर मी स्वतः विणलेलं क्रोशाचं झाकण असायचं. मालनबाईंनी मान डोलवली की त्याच ट्रेमधला चमचाभर माल मी प्रयोगशाळेत न्यायचे आणि मोजायचे. आकडा दर वेळी जवळजवळ तोच यायचा. त्या बाईंची मूठ माझ्या यंत्राइतकी अचूक होती. वैज्ञानिकाला अशा शोधाने आनंद होतो. मी त्या दिवशी दार लावून रडले. माझं यंत्र त्यांना दुजोरा देत होतं आणि त्यांना दुजोऱ्याची गरजच नव्हती.

दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे मी हे केलं, कुणाला न सांगता. बाहेरची हवा किती दमट, ड्रायर किती गरम, मालनबाईंनी किती वेळाने होकार दिला, सगळं एका वहीत उतरवलं. त्यातून एक तक्ता तयार झाला. हवा अशी असेल तर माल इतके तास सुकवावा. खाली मी माझं नाव आणि पदवी लिहिली. त्यांचा होकार त्या तक्त्याच्या प्रत्येक चौकोनात होता, नाव कुठेही नव्हतं. स्मरणिकेच्या पानांत दुसऱ्यांदा मी तेच केलं, म्हणून तर हे पत्र.

नव्वदच्या सुमारास नियम कडक होऊ लागले. एका तपासणीत निरीक्षक साहेब सहज म्हणाले, मालाला उघडा हात लागता कामा नये, हातमोजे हवेत. नियम योग्य होता. औषध लोकांच्या पोटात जातं. आज कुणी विचारलं तरी मी तोच नियम लावीन. पण तुम्हाला खरं सांगायचं ठरवलं आहे. तो नियम ऐकताना मला लोकांची पोटं आठवली नाहीत. मला ती मूठ आठवली.

दुसऱ्याच दिवशी मी इंग्रजीत टाइप करून सूचना लावली आणि सगळ्यांना मराठी-हिंदीत वाचून दाखवली. मालनबाईंनी रबरी हातमोजे चढवले, ट्रेमध्ये हात घातला, मूठ आवळली, कानाशी नेली. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, हाताले चष्मा लावला तुम्ही. तो बी दुसऱ्याना."

सगळे हसले. मी हसले नाही. मी तक्ता बाहेर काढला आणि आप्पांसमोर ठेवला. "आता हाताची गरज नाही," मी म्हटलं. आप्पांनी चष्मा लावून तक्ता वाचला, उलटसुलट केला. त्यांना आकड्यांची समज होती. "हे तू केलंस?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. मालनबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला दोन वर्षं चमचाभर माल नेताना पाहिलं होतं. त्यांनी हातमोजे उतरवून ठेवले.

तक्त्यावर काम चांगलं चाललं. मालनबाईंना मी पॅकिंगला पाठवलं. स्टुलावर बसून समोरून सरकणाऱ्या पट्ट्यांत एखादा कप्पा रिकामा किंवा गोळी फुटकी आहे का ते बघायचं. बसून काम, पगार थोडा जास्त. मी त्याला बढती म्हटलं. त्या दिवसापासून त्या मला ताई म्हणायच्या बंद झाल्या, मॅडम म्हणू लागल्या. आणि हसमुखभाई मला विचारू लागले. खरंच विचारू लागले. मला वाटलं होतं तेवढं ते गोड लागलं नाही, पण लागलं, हेही लपवत नाही.

असं तीन वर्षं चाललं. मग आप्पांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ थोडी जड झाली, डोकं मात्र शाबूत राहिलं. सकाळी त्यांना खुर्चीत बसवून अंगणात आणत आणि मी कारखान्यातून जेवायला आले की ते विचारत, "माल कसा आहे?" त्याच सुमारास आमचा जुना स्टार्च पुरवणारा बंद झाला आणि नव्या माणसाकडून पोती आली. मी त्याची तपासणी केली. कागदावर तो पहिल्यासारखाच होता.

पहिली बॅच दाबली आणि गोळ्यांच्या टोप्या उडू लागल्या. मी तक्ता पाहिला, यंत्र पाहिलं, आकडा अगदी हवा तसा. दुसरी बॅच, तेच. तिसऱ्या बॅचच्या पट्ट्या ज्या मोठ्या कंपनीसाठी आम्ही ही गोळी बनवत होतो तिच्याकडे गेल्या आणि तशाच परत आल्या, सोबत चार ओळींचं पत्र. चौथी बॅच अशीच निघाली तर काम दुसरीकडे देऊ. ते काम गेलं असतं तर निम्मा कारखाना बंद झाला असता. रांध्याहून सायकलने येणाऱ्या बायका, मशीनवरची माणसं, सगळ्यांना त्या पत्राची बातमी माझ्याआधी लागली होती. मी आवारातून चालले की बोलणी थांबत.

त्या दुपारी आप्पांनी अंगणात विचारलं, "माल कसा आहे?" मी सगळं सांगितलं. त्यांनी शब्द जुळवायला वेळ घेतला. मग म्हणाले, "मालनला दाखवलंस?"

"हो," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी ताट आणायला आत गेले. आजारी सासऱ्यांशी मी आयुष्यात तेवढं एकच खोटं बोलले, आणि ते एका अक्षराचं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी एकटीच डोकमर्डीला गेले. मालनबाईंची खोली मला माहीत नव्हती, इतक्या वर्षांत कधी गेले नव्हते. त्या चाळीच्या गच्चीवर साडी अंथरून बिबडे घालत होत्या. बिबडे म्हणजे खानदेशातले ज्वारीचे पापड, शिजवलेल्या पिठाचे. मला बघून त्यांनी हात थांबवला नाही.

"मॅडमले डोकमर्डीनी वाट घावली का आज?"

"मालनबाई, गोळ्यांच्या टोप्या उडतात."

"माहीत शे. पट्टी मनाच डोयासमोरथून जास ना."

"पहिल्या बॅचपासून माहीत होतं?"

"पहिल्या पट्टीपासून."

मला राग आला. "मग सांगितलं का नाही? तीन बॅच गेल्या!"

त्यांनी पिठाचा हात पुसला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही ईचारलं का?"

गच्चीवर ऊन होतं. मी उभीच होते, बसा असं त्या म्हणाल्या नव्हत्या. त्या एका प्रश्नात माझीच सगळी वर्षं होती. मलाही तेच हवं होतं ना, कुणीतरी विचारावं? आणि कुणी विचारलं नाही म्हणून मी काय काय केलं होतं ते मला माहीत होतं. त्यांनी फक्त तोंड मिटून ठेवलं होतं. तेही चुकीचंच होतं, हे मी आजही म्हणते. पोटापाण्याचा प्रश्न सगळ्यांचा होता, त्यांच्या यजमानांचाही कारखाना तेव्हा डगमगत होता. पण त्यांना बोल लावायचा अधिकार मला नव्हता.

"आता विचारते," मी म्हटलं. "चला."

"बिबडा वाळू द्या," त्या म्हणाल्या आणि मला तासभर तिथे थांबवलं. पिठाची ताटं उचलून द्यायला लावली. मी दिली.

सोमवारी सकाळी चौथ्या बॅचचा ट्रे बाहेर आला. सगळे जमले. मालनबाई पॅकिंगच्या टोपीतच आल्या, ट्रेपाशी उभ्या राहिल्या आणि मोठ्याने विचारलं, "मॅडम, हातमोजे घालू का काढू?"

हसमुखभाई भिंतीवरच्या सूचनेकडे बघू लागले. सूचना माझी, खाली सही माझी. घाला म्हणावं तर हात आंधळा, काढा म्हणावं तर माझाच नियम मोडला.

त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही तपासाले नमुना काढतस ना, चमचाभर? तो परत ट्रेमधी टाकतस का?"

"नाही. तपासून झाल्यावर फेकून देतो."

"मग मले बी तसा काढी द्या. बाहेर टेबलवर. पाहीसन फेकी देसू."

एवढंच. कागदावर मूठभर नमुना काढायचा, खोलीबाहेर न्यायचा, उघड्या हाताने बघायचा, टाकून द्यायचा. नियम मोडत नव्हता, मालाला हात लागत नव्हता. कुणीतरी "अरे, हां!" म्हणालं. मी स्वतः हातमोजे घालून नमुना काढून दिला. बाहेर टेबलाशी आम्ही दोघीच होतो. मूठ आवळण्याआधी त्या हळूच म्हणाल्या, फक्त मला ऐकू येईल असं, "हाई तुमाले तव्हाच माहीत व्हतं ना?"

"हो," मी म्हटलं. सूचना लावली तेव्हाच नमुन्याची ही वाट मला दिसत होती. ते तिसरं हो होतं, आणि तेवढंच खरं.

त्यांनी मान डोलवली, जशी माल तयार झाल्यावर डोलवत तशी. मग मूठ भरली, कानाशी नेली, उघडली. एक दाणा दोन बोटांत चिरडला. त्याची पिठी झाली. "सुकेल तर शे. पण दाणामधी जीव नही. खळ कच्ची शे."

खळ करताना स्टार्च पाण्यात शिजवतात. जुना स्टार्च लवकर शिजायचा, नव्याला वेळ लागत होता, आणि आम्ही घड्याळ लावून तेवढाच वेळ शिजवत होतो. मालनबाई पातेल्यापाशी गेल्या. पुढच्या बॅचची खळ दुधासारखी पांढरी दिसत होती. "कुरडईना चीक असा पांढरा राहिना तर कुरडई तुटस," त्या म्हणाल्या. ती काचेसारखी आरपार दिसू लागेपर्यंत त्यांनी ढवळायला लावलं. पाचवी बॅच त्या खळीत मळली. एकही टोपी उडाली नाही. चौथी आम्ही फोडून पुन्हा केली. काम आमच्याकडेच राहिलं.

माझं यंत्र फक्त पाणी मोजत होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या होकाराचे मी घेतलेले आकडे बरोबर होते. होकारामागे त्या आणखी काय काय बघत होत्या ते माझ्या वहीत आलंच नव्हतं, कारण मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

आप्पांना मी सगळं सांगितलं, खोटं बोलले होते तेही. ते अर्ध्या तोंडाने हसले. "तू हो म्हणालीस, तेव्हाच म्हटलं, आता ही तिच्याकडे जाणार." मग थांबून म्हणाले, "मालनला आण एकदा." शेवटच्या दिवसांत त्यांनी तिघांना भेटायला बोलावलं, त्यांत त्या होत्या. खुर्चीशेजारी त्या जमिनीवर बसल्या होत्या आणि आप्पांनी उजव्या हाताने त्यांच्या तळहातावर हलकी थाप मारली, जशी शाबासकी देतात तशी. मी सरबत घेऊन दारात उभी होते. माझ्या हातावर त्यांनी तशी थाप कधी मारली नाही. मला वाटलं होतं, त्या सोमवारनंतर माझ्या मनातली ती आग विझली असेल. विझली नव्हती.

पण काम काम असतं. मी बॅचचा नवा फॉर्म तयार केला. कोणत्या पायरीला कोणी काय केलं ते लिहून सही करायचा कागद. सगळा इंग्रजीत, टाइप केलेला. सुकवण्याच्या पायरीखाली एक ओळ वाढवली. तिच्यासाठी मला इंग्रजी शब्द सापडला नाही आणि टाइपरायटर मराठी नव्हता, म्हणून मी ती हाताने लिहिली, "मुठीची तपासणी", आणि पुढे सहीची जागा. मग झेरॉक्स काढल्या. मालनबाई तोवर पगाराच्या वहीवर अंगठा उठवत. फॉर्म हातात आल्यावर त्यांनी आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या रद्दी पुठ्ठ्यावर सही गिरवली. मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही सही करतस तव्हा कागद बी हालत नही. मी कितला वरीस पाही राहिनू. मनी जळती व्हती ना!" आणि मोठ्याने हसल्या. माझ्या सहीचा कुणी हेवा करत असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा त्यांच्या यजमानांचा कारखाना बंद पडला आणि ती दोघं गावी परत निघाली. शेवटच्या दिवशी त्या माझ्या प्रयोगशाळेत आल्या. पूर्वी त्या उंबऱ्यावरच थांबत. आत येऊन त्यांनी यंत्रावरचं क्रोशाचं झाकण उचललं, खालीवर पाहिलं आणि पदराखालून कागदात गुंडाळलेला एक बिबडा काढला.

"याले लावा तुमना यंत्रमधी."

मी बिबड्याचा तुकडा कुटला, वजन केलं, यंत्रात ठेवला. आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून काटा स्थिर व्हायची वाट पाहत होतो. आकडा आला. मी तो वाचून दाखवला.

"म्हणजे कसा शे? वाळेल शे का अजून वला?"

मी सवयीने म्हटलं, "तुम्हीच सांगा ना, हाताला विचारा."

"नही," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही सांगा, ताई. मी तुमाले ईचारी राहिनू."

मी आकड्याकडे पुन्हा पाहिलं. "वाळला आहे," मी म्हटलं. "छान वाळला आहे."

त्यांनी मान डोलवली. उरलेला बिबडा माझ्या टेबलावर ठेवला आणि गेल्या. पुढे काही वर्षांनी त्या वारल्याचं हसमुखभाईंकडून कळलं. मला भेटायला जायचं होतं, राहून गेलं.

आप्पांच्या पश्चात काही वर्षांनी आपण कारखाना विकला, ते तुम्हाला माहीत आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने गेल्या महिन्यात मी तिथे जाऊन आले. पाटी दुसरी आहे. ट्रे गेले, त्या जागी मोठा बंदिस्त ड्रायर आहे, सगळं संगणकावर. ड्रायरपाशी एक मुलगी काम करत होती. तिने मला फॉर्म दाखवला, छापील, इंग्रजी. त्यात सुकवण्याच्या पायरीखाली एकच ओळ मराठीत आहे, माझ्या अक्षरात, चित्रासारखी उचलून छापलेली. ती कुणी लिहिली आणि कुणासाठी, हे तिथे कुणालाच माहीत नाही. मी तिला विचारलं, इथे तुम्ही नुसती सही करता की काही बघता? तिने कागदावर नमुना काढला, बाहेरच्या टेबलावर नेला, हातमोजा उतरवला आणि मूठ आवळली.

स्मरणिकावाल्यांना मी आज एक ओळ वाढवून पाठवली आहे. त्यात मालनबाईंचं नाव आहे. कारखान्यात आपलं आता काही नाही. फॉर्मवरची ती ओळ आहे, आणि तिच्यापुढे रोज कुणीतरी सही करतं.

तुमची,
आजी